गारठलेला तर्कू

चिंगी प्रयोगशाळेतली सगळ्यात नवी संशोधक, म्हणून बशा विसळण्यापासून शिव्या खाण्यापर्यंत सगळं तिच्याच वाट्याला. तिची पदवी उंदरिणीच्या पोटातून काढलेल्या सूक्ष्म अंड्यांवर टांगलेली होती. अंड्याचं विभाजन होताना त्यात धाग्यांचा एक सांगाडा उभा राहतो, त्याला तर्कू म्हणतात. तो गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढतो. सायक्लिन नावाचं प्रथिन काढलं की तर्कू उभाच राहत नाही, असा तिच्या मार्गदर्शक सरांचा शोध. तो छापून आला की चिंगीला पदवी.

छापण्याआधी नियतकालिकाच्या परीक्षकाने किरकोळ मागणी केली: सायक्लिन शाबूत असलेल्या अंड्यांचेही फोटो पाठवा. हे आधी कुणाला सुचलं नव्हतं, कारण सगळे शोध लावण्यात गर्क होते.

चिंगीने फोटो काढले. शाबूत अंड्यांतही तर्कू नव्हता.

"अंडी नासली असतील," सर मफलर आवळत म्हणाले. मायक्रोस्कोप महाग, त्याला उकडू नये म्हणून एसी कायम फुल्ल. आणि एसी चालू असताना अंड्यांच्या बशीखालची ऊब देणारी पट्टी लावणं म्हणजे उधळपट्टी, म्हणून ती सरांच्या हुकमाने बंद.

"सर, गारठ्यात तर्कूचे धागे विरघळतात."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. तासाला."

तिने पट्टी लावून नवी अंडी मांडली. शाबूत अंड्यांत तर्कू ऐटीत उभा. सायक्लिन काढलेल्यांतही उभा, जरा रखडत. बहुधा सायक्लिनच्या एखाद्या भावंड-प्रथिनाने मुकाट्याने काम ओढलं होतं. प्रयोगशाळेत असं इतर कुणी केल्याची नोंद नाही.

सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "पट्टी बंद कर, मग फोटो घे."

"मग दोन्हींत तर्कू नाही, सर. प्रथिन काढलं काय, ठेवलं काय."

सर विचारात पडले. "म्हणजे तुझा शोध चुकला म्हणायचा."

"माझा?"

"अंडी कुणी हाताळली? मी आपला सही करणारा."

शोध मागे घेतला तर पदवी लांबणार, हे चिंगीला ठाऊक होतं. तिने कॉम्प्युटर ओढला आणि शोध मागे घेतल्याचं परीक्षकाला कळवून टाकलं.

"अगं, मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं, सर," चिंगी म्हणाली, "पण तुम्ही आपले सही करणारे."