कामी आले

आमच्या जावईबापूंना ऐकायची सवय नाही. आपण वाक्य सुरू करावं, त्यांनी मधूनच तुकडा तोडावा आणि उरलेलं आपल्या पदरचं जोडून मोकळं व्हावं. लग्नाच्या बोलण्यात मी स्वच्छ सांगितलं होतं, "पोरगी कामाला वाघ आहे, पण सकाळी तिला कुणीतरी उठवावं लागतं." त्यांनी ऐकलं ते 'वाघ'. आता रोज सकाळी स्वतः चहा करतात, वाघाला उठवतात आणि मला फोन करून म्हणतात, "आई, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

नोकरी त्यांना त्यांच्या कानाला शोभेल अशीच मिळाली आहे. गावाबाहेर उंच पाळण्यांची ती मोठी करमणुकीची बाग आहे ना, तिथं ते कार्यक्रमांचे साहेब आहेत. म्हणजे गळ्यात पट्टा, कानात यंत्र, आणि दिवसभर "हो हो, आलो आलो" म्हणत धावायचं. यंत्रातून काय सांगतात ते तरी ऐकतात की नाही, देव जाणे.

तर या बागेत रोज संध्याकाळी झेंडा उतरवतात. कुठल्यातरी निवृत्त सैनिकाला बोलावतात, दोरी त्याच्या हातात देतात, लोक टाळ्या वाजवतात. ते झालं की लगेच ढोल, आणि ससा, अस्वल, बदक अशी सोंगं घेतलेली सगळी मंडळी नाचत निघतात. आधी देश, मग ससा. मी एकदा विचारलं, "हे सैनिकांचं कुणाच्या डोक्यातून निघालं?" तर जावईबापू अभिमानानं म्हणाले, "माझ्या. झेंड्यासाठी लोक थांबतात, आई. थांबले की खातात."

म्हटलं, चला, खरं तरी बोलले.

आमचे हे पलटणीत स्वयंपाकी होते. बंदूक मिळाली होती, पण हातात कायम डाव. त्या भटारखान्यातल्या शेगड्या अशा घरघरायच्या की त्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेले. आता त्यांना ऐकू येत नाही आणि जावयाला ऐकायचं नसतं, त्यामुळे दोघांचं छान जमतं.

आयुष्यात यांनी कधी काही मागितलं नाही. एकच हौस मनात राहून गेली होती. संध्याकाळी झेंडा उतरायची वेळ आणि रात्रीचं जेवण रटरटायची वेळ एकच. बाहेर बिगुल वाजला की सगळी पलटण झेंड्याकडे तोंड करून उभी, आणि हे आत, डाव छातीशी धरून, भिंतीकडे तोंड करून ताठ. इतकी वर्षं रोज झेंडा उतरला, पण यांनी तो उतरताना पाहिला नाही. पाहिली ती काजळी धरलेली भिंत. बिगुल संपेपर्यंत हलायचं नाही, त्यामुळे भांड्यात बुडाला लागायचं ते वेगळंच. मग रात्री जेवताना चारशे जणांच्या शिव्या.

म्हणून जावईबापू जेव्हा म्हणाले, "बाबा, पुढच्या रविवारी दोरी तुमच्या हातात," तेव्हा यांनी दोनदा विचारलं, "माझ्याच हातात?" मग गच्चीत कपडे वाळत घालायच्या दोरीला टॉवेल बांधून सराव सुरू झाला. हळूहळू खाली, मध्ये थांबायचं नाही, झटका द्यायचा नाही. शेजारीण खालून ओरडली, "काका, वाळला का टॉवेल?" हे वरून म्हणाले, "आधी ताठ उभी राहा!" आणि ती बया हातात बादली घेऊन खरंच उभी राहिली.

त्याच आठवड्यात जावईबापूंचा फोन. "आई, बाबांनी लढाईत नक्की काय केलं? एका ओळीत सांगा. पडद्यावर एकच ओळ मावते."

एका ओळीत! मी म्हटलं, "अहो, डोंगरात पलटण अडकली होती. पुढच्या खंदकातल्या पोरांना गरम घास मिळेना. हे पाठीवर रश्शाचा पिंप बांधून रोज चढून जायचे. एकदा गोळी पिंपाला लागली. यांनी खिशातला कणकेचा गोळा भोकात कोंबला आणि तसेच वर गेले. अजून हळहळतात, निम्मा रस्सा सांडला म्हणून. थोडक्यात काय, लढाईत हे सगळ्यांच्या कामी आले."

"वा! कामी आले! काय शब्द आहे आई!" म्हणाले आणि फोन ठेवला.

शब्द आवडला म्हणजे कळला असं थोडंच असतं? गाढवाला गुळाची चव काय!

रविवारी आम्ही तिघं गेलो. हे, मी आणि लेक. यांनी जुनी पलटणीची टोपी घातली होती. बूट असे घासले होते की त्यात माझं तोंड दिसत होतं, आणि ते काही फार खूश दिसत नव्हतं, कारण दारातच एका मुलीनं यांच्या छातीला 'मानाचे पाहुणे' अशी चिठ्ठी चिकटवली आणि हातात एक कूपन दिलं. सर्वांत उंच पाळण्याची एक फेरी, बागेतर्फे सप्रेम. पाळण्यापाशी जाऊन पाहिलं तर पाटी: साठीच्या पुढच्यांना सक्त मनाई. मान द्यायचा तर असा द्यावा. माणसाला पोटभर वाढायचं आणि ताटाला कुलूप लावायचं.

बसायला आम्हाला चौथी रांग. पहिल्या रांगेत बागेचे मालक आणि त्यांच्या मागं आईस्क्रीमवाल्या कंपनीची माणसं. "बाबांना पुढं नको का?" लेकीनं विचारलं, तर जावईबापू कानातल्या यंत्राला म्हणाले, "हो हो, आलो आलो," आणि गेले.

दिवे लागले. खांबापाशी मोठा पडदा उजळला आणि त्यावर यांचा तरुणपणचा फोटो आला. मिशीला नुकतं तूप लावल्यासारखा. मला क्षणभर बरं वाटलं. मग फोटोभोवती जाड काळी चौकट दिसली. खाली एक ओळ: 'लढाईत कामी आले.'

'सगळ्यांच्या' हा शब्द कुठं गेला म्हणून मी पडद्याच्या कडा शोधत होते, तोवर निवेदन करणारी मुलगी गहिवरल्या आवाजात म्हणाली, "मंडळी, हा वीर आज आपल्यात नाही. आपण सगळे उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या."

आता बघा, हे कसं झालं असेल. जावयानं ओळ तोडली, ओळ वाचून चित्रवाल्यानं चौकट काढली, चौकट बघून मुलीनं गळा काढला. एकानं मारलं, दुसऱ्यानं पुरलं आणि तिसरी रडली. एकाच्याही मनात आलं नाही की माणूस चौथ्या रांगेत बसलाय का ते बघावं.

सगळी बाग उठली. सर्वांत आधी उठले ते आमचे हे. टाचा जुळवल्या, हात मांड्यांना लावले, मान खाली. ओठ न हलवता मला म्हणाले, "कोण गेलं गं?"

"तुम्ही."

"आं?"

मी त्यांच्या कानाला तोंड लावलं. "तुम्ही गेलात! लढाईत!"

"मग पेन्शन कोण खातंय?"

"अहो, बसा खाली!"

"गप उभी राहा. कुणाचा का असेना, मान तो मान." आणि आपल्याच मयताला ते असे ताठ उभे राहिले की शेजारच्या बाईनं यांच्याकडे बोट दाखवून आपल्या नवऱ्याला सांगितलं, "बघा, याला म्हणतात शिस्त."

लोक बसले तसे यांना दोरीपाशी न्यायला जावईबापू रांगांमधून वाकून पळत आले; कानात यंत्र, श्रद्धांजली कसली ऐकतात! ते पोचताच लेकीचा दबका आवाज, "अहो, काय लिहिलंत हे! कामी आले म्हणजे मेले!"

"मेले?" त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "मग आई तसं का म्हणाल्या?"

"मी 'सगळ्यांच्या कामी आले' म्हणाले होते."

"ते मावत नव्हतं ना, आई!"

घ्या! एक शब्द मावेना म्हणून एक माणूस वजा केला.

"बरं, मग जा आणि सांगा," मी म्हटलं, "चूक झाली, माणूस जिवंत आहे, दोरीपाशी येतोय."

ते खाली बसले, अगदी माझ्या खुर्चीला धरून. "आई, जरा समजून घ्या. मालक रडलेत. मालक कधीच रडत नाहीत, मागच्या वर्षी गोदाम जळलं तेव्हाही रडले नाहीत. आत्ता त्यांना सांगायचं की तुम्ही उगाच रडलात? आणि लोक बघा, एकही जण उठून गेला नाही. जिवंत सैनिकाला असं कुणी थांबत नाही हो."

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण लोण्याची घाई झाली म्हणून आधी माणूस मारणारे हे पहिलेच.

"मग दोरी कोण ओढणार?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा उजळला. अक्कल नसलेल्या माणसाला कल्पना सुचली की त्याचा चेहरा असाच उजळतो. "तुम्ही! वीरपत्नी म्हणून! तुम्ही पुढं या, दोरी ओढा, फार सुंदर होईल. बाबा इथंच बसतील. फक्त ती टोपी जरा काढून ठेवा, बाबा. फोटोतली तीच आहे, कुणी ओळखेल."

नवरा शेजारी बसलेला, धडधाकट, आणि मला म्हणे विधवा होऊन या! लेक म्हणाली, "आई, इथं नको हं, घरी गेल्यावर बोल." तिला माझ्या जिभेची कल्पना आहे.

यांना ऐकू काहीच आलं नव्हतं. पण पलटणीत वाढलेल्या माणसाला तोंडं बघून हुकूम कळतो. मांडीवर त्यांचे हात होते. आल्यापासून ते हात मुठीवर मूठ ठेवून हवेतली दोरी खाली घेत होते, गच्चीतल्यासारखी. ते थांबले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "राहू दे. पोराची नोकरी आहे."

तिथं माझं डोकं फिरलं. मला विधवा केलं, त्याचा हिशेब मी घरी जाऊन चुकता केला असता. पण इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस आता जावयाच्या बागेत पुन्हा भिंतीकडे तोंड करायला निघाला, आणि तेही आपण होऊन? मी जिवंत असताना?

"येते," मी जावयाला म्हटलं. "सांगा तुमच्या त्या माइकवाल्या मुलीला, वीरपत्नी येतेय."

ते धावले. यंत्रात काहीतरी बोलले. मुलीनं पुन्हा गळा काढला, "आणि आता त्यांच्या पत्नी...!" टाळ्या सुरू झाल्या. मी उठले, यांच्या डोक्यावर टोपी दाबून बसवली, मनगट धरलं आणि निघाले. हे म्हणत होते, "अगं, सोड, लोक बघतायत."

"बघू देत. त्याचेच पैसे दिलेत त्यांनी."

खांबापाशी पोचलो. ती मुलगी गोंधळली. माइक तोंडाशी धरूनच विचारलं तिनं, "आजी, तुमच्यासोबत हे कोण?"

मी म्हटलं, "हेच ते. कामी आलेले."

मग मागून एक बाई, "अगं बाई, हे तर मेलेत ना?" आणि तिच्या नवऱ्याचा आवाज, "मग फोटो काढ ना लवकर!" हसू फुटलं, वाढत गेलं. मालक रुमाल हातात धरून इकडेतिकडे बघत विचारत होते, "म्हणजे? मी कशाला रडलो मग?" आईस्क्रीमवाल्यांपैकी कुणाला उत्तर माहीत नव्हतं.

दोरी खांबाला गुंडाळलेली होती. मी ती सोडायला गेले, तर यांनी माझा हात बाजूला केला. कडक. भटारखान्यात बाईमाणूस शिरलं तर करत असतील तसा. स्वतः सोडली, वर बघितलं आणि उतरवायला लागले.

बागेचा बिगुल यंत्रातला, तो मध्येच संपला, कारण गाणं तेवढंच कापून ठेवलेलं. लगेच ढोल सुरू झाले. यांना काय त्याचं, ऐकूच आलं नाही. मुठीवर मूठ, मुठीवर मूठ, टॉवेलासारखं. ससा नाचत आला, यांच्या पाठीशी येऊन थबकला. त्याच्या मागं अस्वल त्याच्यावर आदळलं, अस्वलावर बदक. निम्मे लोक हसत होते, निम्मे आईस्क्रीमकडे निघाले होते. शेवटी सशानंच एक हात वर करून कुणाला तरी खूण केली आणि ढोल थांबले. आतमध्ये कोण होतं, माहीत नाही. साऱ्या बागेत अक्कल होती ती त्या सशाच्या डोक्यात.

झेंडा हातात आला. यांनी तो जमिनीला लागू दिला नाही. घडी घातली, अंगाशी धरली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आज बुडाला काही लागलं नाही हं."

मी पाठ फिरवून पदर डोळ्यांना लावला. समोर लावला असता, तर त्या मुलीला वाटलं असतं तिचाच परिणाम झाला.

तेवढ्यात जावईबापू घाम पुसत आले. लोक हसतायत म्हणजे सगळं सावरलं असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. "काय मस्त झालं, आई! आधी रडले, मग हसले! दर रविवारी असंच केलं तर? बाबांना रोज थोडीच—"

"थांबा," मी म्हटलं. "एकदा तरी वाक्य शेवटपर्यंत ऐका, जावईबापू. जे लढाईत शत्रूला जमलं नाही, ते तुम्ही खुर्चीत बसून एका ओळीत केलंत. शाब्बास. आता हे घरी येतील, जेवतील आणि झोपतील, ते रोज मरायला मोकळे नाहीत. आणि तुम्हाला या बागेत सत्कारच हवे असतील, तर पुढचा तुमचा ठेवा. त्याआधी एकदा कुणाच्या तरी कामी या. घाबरू नका, तुमच्या अर्थानं नाही, माझ्या अर्थानं म्हणतेय. माझी लेक आहे तुमच्या घरात."