वन्स मोअर

गोपालभाऊने चपला पायातच ठेवून ओसरीत पाऊल टाकलं, बोर्डातली पंख्याची पिन उपसली आणि तिच्या जागी आपल्या डायरीची पिन खुपसली. डायरीच्या कोपऱ्यात लाल दिवा लागला. मग त्याला घरात माणूस असल्याची आठवण झाली.

"कसी हाये तब्येत, बाई?"

धुरपता सुपात तांदूळ निवडत होती. तिने नुसती मान हलवली. घशाच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली होती आणि आता तिच्या तोंडून निघायचा तो आवाज नव्हता, वाऱ्याची फुसफुस होती. ऐकायला माणसाला जवळ यावं लागे, आणि गोपालभाऊ काही जवळ येणाऱ्यातला नव्हता.

"आज मंडईत नाटक हाये आपलं. शाळेत उतरवलं आमाले, तं तिथली लाईन बंद. म्हटलं, आपल्या बाईचं घर हाये, परकं थोडीच हाये. संध्याकाळवरी राहू द्या हिले इथी."

'आपल्या बाईचं' हे त्याने इतक्या सहज म्हटलं की धुरपताने वेचलेला खडा पुन्हा तांदळातच पडला.

डायरी म्हणजे तळहातावर मावणारी, काळ्या काचेची चपटी डबी. वडशाला येणाऱ्या एका औषध कंपनीच्या एमआरकडून त्याने ती जुनी घेतली होती, नाटकांच्या तारखा मांडायला. दिवाळीपासून होळीपर्यंत कोणत्या गावी कोणता प्रयोग, ते सगळं तो एका काडीने तिच्यात टोचून ठेवी. पुढे तिच्यात आवाज भरता येतो आणि गाणीही वाजतात हे त्याला कळलं, आणि गोपालभाऊच्या डोक्यात उजेड पडला.

ऑपरेशनच्या आधी हीच डबी घेऊन तो याच ओसरीत बसला होता. सोबत ऑर्गनवाला लच्छू आणि तबला. "बाई, नाटकाचे सारे गाणे एकडाव म्हणून ठेवा. बऱ्या झाल्या का संगं बसून ऐकू." घशात गाठ होती, आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी येई, तरी धुरपता दुपारभर गात राहिली. ज्याच्या मंडळीत हिरोईन म्हणून उभा जन्म काढला, तो मालक एवढी माया ठेवतो म्हणून ती रडलीही होती. ते रडणं आठवलं की आता तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटे.

त्यानंतर गोपालभाऊ फिरकला नाही. आलं ते त्याचं पोस्टर. पोस्टरवर दिव्यानी नावाची कोवळी पोरगी आणि तिच्या नावाखाली 'झाडीची कोकिळा'. झाडीपट्टीची ही पदवी धुरपताला याच गावाने, दिवाळीनंतरच्या याच मंडईच्या जत्रेत, स्टेजवर दिलेली. पोरगी नुसते ओठ हलवायची आणि डबी गायची. आवाज ओळखीचा वाटतो असं कोणी म्हटलंच, तर गोपालभाऊ छाती पुढे काढून सांगे, "वाटनच ना, धुरपताबाईचीच चेली हाये ते." धुरपताने हे सख्ख्या भावाला फुसफुसून सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, तुले तसं वाटत असंल बाई, मनाले लावून नको घेऊ.

"सांभाळजा बरं," उंबऱ्यावरून वळत गोपालभाऊ म्हणाला. "चार्ज उतरला का सपाट कोरी होते हे. नुकतीच आणली होती तवा एकडाव साऱ्या तारखा पुसल्या माह्या."

धुरपताने त्याला हाताने जवळ बोलावलं. त्याला नाइलाजाने वाकावं लागलं.

"गाण्याची कॅसेट नाई काढली?"

"काढू ना. सिझन तं सरू द्या." तो हसला. "तुमचाच आवाज हाये तिच्यात, आन् तुमच्याच घरी ठेवून चाललो. मले काय भेव हाये?"

तो गेल्यावर धुरपता कितीतरी वेळ त्या लाल दिव्याकडे पाहत बसली. डबी उचलून परसातल्या विहिरीत टाकणं अगदी सोपं होतं. पण मग ते एकट्या विहिरीलाच कळलं असतं. तिला ते गावाला कळायला हवं होतं, भरल्या मांडवात, गोपालभाऊ माइकसमोर उभा असताना. आवाज तिचा होता. तो मारायचा हक्कही तिचाच होता, यात तिला काडीचीही शंका नव्हती. ती उठली, पिन उपसली, बोर्डाला नुसती टेकवून ठेवली आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं. त्या दिवशी भाताला एकही खडा लागला नाही.

दिवस कलल्यावर डबी न्यायला लच्छू आला. त्याने काच उजेडाकडे धरून पाहिली.

"अर्धीबी नाई भरली, बाई."

"लाईन गेली होती."

शेजारच्या घरात पिठाची चक्की दुपारपासून घरघरत होती, अजूनही घरघरत होती. लच्छूने थोडा वेळ ती ऐकली. मग वायर गुंडाळून खिशात घातली.

"एकएक डाव वाजवलं तं निभून जाईन. वन्स मोअर आला तं मातर काही खरं नाई."

"मले काऊन सांगतो?"

"असंच." तो चपला शोधू लागला. "माह्या ऑर्गनबी तिच्यातच हाये ना जी. मी तिथी नुसते बोटं फिरवून राह्यलो."

मंडईसाठी माहेरी आलेल्या लेकीबाळींनी गाव भरून गेलं होतं. धुरपताची भाची रंजीताही सासरहून आली होती. जेवणं उरकून दोघी मांडवात गेल्या तेव्हा पहिल्या रांगेत, पाटलांच्या बाजूची खुर्ची धुरपतासाठी राखून ठेवलेली होती. लोक उठून तिला वाट देत होते. रंजीताला आत्याचा फार अभिमान वाटला. आत्याने आज ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि कमरेला बटवा खोचला होता.

पडदा वर गेला. दोन प्रवेश झाले आणि दिव्यानी नवरीच्या वेशात पुढे आली. विंगेत लच्छूने डबीवर काडी टोचली, समोर ठेवलेल्या ऑर्गनवर बोटं ठेवली आणि कर्ण्यांतून गाणं सुरू झालं.

*सांग वैनगंगे मला, नाव माझी कुठं नेशी,*
*ऐलतीरी घर माझं, पैलतीरी मला देशी...*

'पैलतीरी'वर आवाज किंचित अडकला आणि सुटला. नेमक्या त्याच जागी दिव्यानीने छातीवर हात ठेवून डोळे मिटले. मांडवातून "वाऽ" उठला, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. धुरपताच्या अंगाची लाही झाली. अडकली होती ती तिच्या घशातली गाठ. पोरीने गळा उचलला तो उचलला, दुखणंही उचललं होतं आणि त्यावर टाळ्या घेत होती.

गाणं संपताच धुरपताने बटव्यातून नोट काढून रंजीताच्या हातात दिली, तिच्या कानाशी 'वन्स मोअर' असं फुसफुसली आणि स्टेजकडे बोट केलं.

झाडीपट्टीत बक्षीस आलं की देणाऱ्याचं नाव माइकवर घ्यावंच लागतं, आणि बक्षिसासोबत वन्स मोअर मागितला तर तो नाकारायची कोणत्याही मालकाची टाप नाही. नाकारला तर खुर्च्या स्टेजवर येतात. गोपालभाऊने नोट हातात घेतली, समोर कोण बसलं आहे ते पाहिलं आणि तोंडभर हसला.

"आपल्या झाडीच्या माजी कोकिळा, धुरपताबाई, यांच्याकडून चेलीले बक्षीस. वन्स मोअर."

मांडव टाळ्यांनी दणाणला. बाईचं मन केवढं मोठं, असं मागच्या रांगेत कोणीतरी म्हणालं. 'माजी' हा शब्द धुरपताने नीट गाठीला बांधला.

दुसऱ्यांदा गाणं वाजलं तेव्हा तिने ते ऐकलंच नाही. ती फक्त गोपालभाऊकडे पाहत होती. आधी तो पानाचा डाग पुसत निवांत उभा होता. मध्येच लच्छूने त्याला काहीतरी सांगितलं. तो डबीवर वाकला, लच्छूचा खिसा चाचपून वायर काढली, इकडेतिकडे बोर्ड शोधला. बोर्ड जनरेटरपाशी, मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. त्याने वर पाहिलं तेव्हा धुरपताने त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, आणि तिला दोन वर्षांत प्रथमच भूक लागल्यासारखं वाटलं.

तिने दुसरी नोट काढली.

"मायबाप," गोपालभाऊ माइकवर म्हणाला, "नाटक लांबून राह्यलं, पुढंबी गाणे हायेत..."

"बाईचा मान ठेवा," पाटील बसल्या जागेवरून म्हणाले. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. एक खुर्ची धाडकन आपटली. गोपालभाऊने नाव घेतलं, या वेळी 'माजी' न लावता.

गाणं तिसऱ्यांदा सुरू झालं. आता फक्त वाट पाहायची होती. धुरपता खुर्चीला टेकली, आणि टेकल्यामुळे असेल, पहिल्यांदाच गाणं तिच्या कानात शिरलं.

हा आवाज तिने आजवर आतूनच ऐकला होता, स्वतःच्या कवटीत, घुमणारा. बाहेरून तो असा येतो हे तिला माहीतच नव्हतं. आपल्याच घरचं माणूस बाजारात दुरून चालताना दिसावं आणि ते चालतं किती डौलात हे तेव्हाच कळावं, तसं झालं. 'वैनगंगे'वर आवाज पसरत होता. 'नाव माझी'वर थोडा रेंगाळत होता, उगाच, लाडाने. कोणी शिकवलं होतं हे रेंगाळणं? कोणीच नाही. तिचं होतं. 'पैलतीरी'वर तो अडकला आणि ती अडखळण तिला कुठेच दुखली नाही. तिला वाटलं, ही बाई किती छान गाते. गोपालभाऊ, डबी, पोस्टर, काहीच तिच्या ध्यानात राहिलं नाही.

गाणं संपलं आणि तिचा हात आपोआप वर गेला.

या खेपेला नोट काढायचं तिला सुचलं नाही. पण तिचा हात वर पाहून मांडवच ओरडू लागला. विंगेतून लच्छूने तिच्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून, एकदा आणि मग पुन्हा. धुरपताला तो दिसत होता. तिने हात खाली घेतला नाही. तिला ते गाणं ऐकायचं होतं, बस्स.

गाणं लागलं. *सांग वैनगंगे मला, नाव माझी कुठं नेशी, ऐलतीरी घर...*

तिथे ते तुटलं. मंदावलं नाही, खरखरलं नाही, तुटलं. कर्ण्यांमध्ये नुसती घूं उरली. दिव्यानीचे ओठ 'माझं' म्हणून मोकळे झाले होते आणि छातीकडे निघालेला हात अर्ध्यावर थांबला होता.

गोपालभाऊ डबीवर झेपावला. काडी टोचून पाहिली, डबी मांडीवर आपटून पाहिली. माइक चालूच होता.

"तारखा... माह्या साऱ्या तारखा गेल्या बे."

"तारखेचं काय घेऊन बसले, भाऊ," लच्छूचा आवाज आला. "गाववाले फोन करतीन, पुन्हा मांडता येईन. गाणे गेले."

"हेच गेलं ना?"

"सारेच."

गोपालभाऊचं तोंड पांढरंफटक पडलं. हे तोंड पाहण्यासाठी धुरपताने काय काय सोसलं होतं. आता ते तिच्यासमोर दहा पावलांवर, हॅलोजनच्या झगझगीत उजेडात होतं, आणि ती कर्ण्याकडे पाहत होती.

स्टेजवर दिव्यानी एकटी उभी होती. तिने विंगेकडे पाहिलं, तिथून कोणी काही सांगेना. मग तिने डोळे मिटले आणि जिथे तुटलं होतं तिथून, स्वतःच्या आवाजात, ओळ उचलली. आवाज बारीक होता, थरथरत होता, पण सुरात होता. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग अगदी मागून, जिथे पोरं बैलबंड्यांवर बसली होती तिथून, कोणीतरी ओरडलं,

"हा नाई. पयलावाला आवाज पायजे."

"हो जी, पयलावालाच लावा."

हां हां म्हणता सारा मांडव तेच म्हणू लागला. पाटील म्हणत होते, बायका म्हणत होत्या, लोक टाळ्यांचा ठेका धरून पयलावाला, पयलावाला करत होते. दिव्यानी गाता गाता थांबली. गोपालभाऊने माइकवर हात ठेवला.

"आत्या," रंजीता म्हणाली, "कोणता आवाज मागून राह्यले हे?" आणि उत्तरासाठी तिने मान वळवली. आत्याची खुर्ची रिकामी होती. आत्या खुर्चीपुढे उभी होती, दोन्ही हात वर करून, गळ्याच्या शिरा ताणून, सगळ्यांबरोबर तीही तेच मागत होती. एवढ्या गलक्यात रंजीताला तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते.