बेबाबाईचा अभिप्राय

बेबाबाईने ते इवलंसं शिरस्त्राण करंगळीच्या टोकावर चढवलं आणि हात खेळण्यांच्या दुकानाच्या दाराकडे, उजेडात धरला. त्याची समोरची पारदर्शक काच नखाने वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. मग ते काढून नाकाशी नेलं.

"वास मारते," ती म्हणाली. "पन जाईल. दोन दिवस उन्हात ठेवलं तं जाईल."

काउंटरच्या पलीकडे बसलेल्या लीलाधरने समोरच्या छापील कागदावर लिहिलं, 'नव्या प्लॅस्टिकचा वास येतो. काही दिवसांत जावा.'

"हे बी लिहून राह्यले?"

"सगळं लिहायचं आहे. मुंबईच्या आयातदाराने संच नमुन्याला पाठवलाय. जळगावात चालेल की नाही, ते माहीतगार माणसाला दाखवून कळवा म्हणतो."

"अन् माहीतगार मी?"

"लहान वस्तूत तुमचा जन्म गेला, बेबाबाई. या बाजारात दुसरं कोण आहे?"

ती हसली नाही, पण पदर सारखा करून स्टुलावर सरळ बसली. पायाशी तिची गोणपाटाची पिशवी होती. सकाळच्या एसटीने ती एदलाबादहून आली होती. गावाला आता मुक्ताईनगर म्हणायला लागले होते, पण तिच्या तोंडी ते अजून बसलं नव्हतं. दिवाळीला बारा दिवस उरले की ती यायची. पिशवीत लाकडी भातुकली असायची. जातं, चूल, पोळपाट-लाटणं, उखळ-मुसळ, अंगठ्याएवढी कढई. तिचा नवरा चिंधा मिस्तरी खरादावर लाकूड फिरवायचा आणि ती लाखेचे रंग चढवायची. लाल, पिवळा, कडेला एक बारीक हिरवी रेघ. ती रेघ बेबाबाईची खूण होती.

पिशवी उघडण्याआधीच लीलाधरने हा खोका पुढे केला होता. आज तिला स्पष्ट सांगायचं असं त्याने रात्रीच ठरवलं होतं. पुढच्या वर्षीपासून माल आणू नका. एवढंच वाक्य होतं. ते जिभेवर येईना, म्हणून त्याने खोका पुढे केला.

खोक्यात सतरा नग होते. चार शिरस्त्राणं, तीन बंदुका, शिडी, बटणांची चित्रं चिकटवलेलं यंत्राचं टेबल, दोन खुर्च्या, झाकणाच्या चार पेट्या, एक दिवा आणि एक छत्रीसारखी तबकडी. तीन वर्षांपूर्वी अंतराळातला एक इंग्रजी सिनेमा हिंदी बोलत जळगावात आला होता आणि सात आठवडे उतरला नव्हता. कॉलेजची पोरं तीन-तीनदा बघून आली. त्यातल्या माणसांचे चार बोटं उंचीचे बाहुले लीलाधरने मागवले, ते दिवाळीआधीच संपले. आता ज्यांनी ते जपून ठेवले होते, त्यांना कपाटात मांडायला हे सामान हवं होतं. दुकानाच्या काचेत नमुन्याची एक जोडी अजून उभी होती, कप्तान आणि त्याची शास्त्रज्ञ बाई.

"ते दोघं काढा," बेबाबाई म्हणाली. "बसवून पाहाले पाहिजे. नुसतं सामान पाहून काय कळते?"

त्याने दोघांना बाहेर काढलं. तिने कप्तानाला खुर्चीत बसवलं. तो घसरला. पुन्हा बसवलं, पुन्हा घसरला.

"गुडघा पुरता मोडत नही याचा. खुर्ची अर्धा बोट खोल पाहिजे व्हती."

लीलाधरने लिहिलं, 'आसनाची खोली अपुरी.'

बाईला तिने शिडीवर चढवलं. ती पायरीत पाय अडकवून उभी राहिली. बेबाबाईने काउंटरवर थाप मारली, बाई हलली नाही. "हे झ्याक." मग तिने एक पेटी घेतली आणि तिचं झाकण उघडमीट करू लागली. पाच वेळा, दहा वेळा. लीलाधर बघत राहिला. विसाव्या वेळी तिने थांबून बिजागरीवरून अंगठा फिरवला.

"लेकरू हेच करन पाह्य. मांडून ठेवनार नही, उघडन अन् लावन." ती म्हणाली. "टिकली. आमच्या संदुकीची कडी इतकी टिकत नव्हती. त्याह्यले मी नेहमी म्हने."

'त्याह्यले' म्हणजे चिंधाला. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं.

वीस वर्षांपूर्वी लीलाधरची बायको सुगंधाबाई मुक्ताबाईच्या यात्रेला गेली होती आणि दोन मुलींसाठी एक लाकडी जातं घेऊन आली होती. मुलींनी त्यात खरोखरची ज्वारी घातली आणि चिमूटभर पीठ पडलं. सुगंधाबाई ते पीठ तळहातावर घेऊन दुकानात आली होती. "हे बघा. दळतं. असा माल ठेवा तुम्ही." पुढच्याच आठवड्यात ती स्वतः एदलाबादला जाऊन बेबाबाईला घेऊन आली. त्या काळी दिवाळीत भातुकली मागायला बोदवडहून, पारोळ्याहून लोक यायचे. दोघी बायका दुकानाच्या मागच्या खोलीत चहा घेत तासभर बोलायच्या. काय बोलायच्या ते लीलाधरला कधी कळलं नाही. हसणं तेवढं ऐकू यायचं.

चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात चिंधा गेला आणि त्याच पावसाळ्यात सुगंधाबाई. त्या दिवाळीला बेबाबाई पिशवी घेऊन आली, तेव्हा लीलाधरने काही न बघता पिशवी ठेवून घेतली. खराद आता तिचा पुतण्या चालवत असेल, असं त्याने धरून चाललं होतं. मुली सासरी गेल्या होत्या. गिऱ्हाईक प्लॅस्टिकचं मागत होतं. भातुकली माळ्यावर गेली. दुसऱ्या वर्षीचीही गेली, तिसऱ्या-चौथ्या वर्षीचीही. दर वर्षी बेबाबाई विचारायची, "गेल्या सालचं गेलं ना?" आणि दर वर्षी तो म्हणायचा, "गेलं."

"भाऊ, एक विचारू?" बेबाबाईने सतराही नग ओळीने मांडले होते. "हे लोकं जेवतात कुठी?"

"जेवत नाहीत. सिनेमात गोळ्या खातात."

"गोळ्या? बिमार हायेत काय?"

"नाही, अंतराळात तसंच."

तिने बंदुका बाजूला केल्या. टेबलासमोर खुर्च्या ठेवल्या, त्यांत दोघांना टेकवून बसवलं आणि दिवा मध्ये ठेवला.

"एवढ्या लांब गेले दोघं. एकमेकाले वाढाले काही नको?"

लीलाधरची लेखणी थांबली. हे कागदावर कसं लिहायचं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने लिहिलं, 'जेवणाच्या भांड्यांची जोड हवी.' वाचून दाखवलं.

"हां. तसंच." तिने मान हलवली. "बाकी बठ्ठं चांगलं हाये. रंग पाहा, कुठी रेघेच्या भाईर गेला नही. इतका बारीक हात मले बी जमला नसता. मागवा तुम्ही. चालन."

"चालेल?"

"चालन म्हंजे? पोरं उड्या मारतीन. हेच चालनार आता."

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की लीलाधरला मान वर करता आली नाही. त्याने अभिप्रायाखाली तारीख घातली. कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

बेबाबाईने पिशवी उचलून काउंटरवर ठेवली. नेहमीपेक्षा ती हलकी होती.

"हे शेवटचं, भाऊ."

"म्हणजे?"

"संपलं. खराद त्याह्यच्यासंगंच बंद झाला. पुतन्या सुरतले गेला, तो काही शिकला नही. जायच्या आधी त्याह्यनं पाच पोते करून ठेवले व्हते. पडल्या पडल्या म्हनत, तुले पुरतीन. मी रंग देत गेली अन् आनत गेली. एका दिवाळीले एक पोतं."

"पण बेबाबाई, एकदमच आणून द्यायचं ना. दर वर्षी एवढी एसटीची दगदग."

ती पिशवीची नाडी सोडत होती. गाठ घट्ट बसली होती.

"सुगंधाअक्कानं सांगतलं व्हतं. दवाखान्यात भेटाले गेली तवा. म्हने, बेबा, माझ्यामांगं दिवाळीले येत जाजो. हे कोनाशी बोलनार नही अन् कोनाले बोलू बी देनार नही." गाठ सुटली. "बठ्ठं एकदम आनून टाकलं असतं, तं मंग याले काय निमित्त व्हतं?"

बाहेर कोणीतरी बंदुकीच्या टिकल्यांच्या डब्या आहेत का म्हणून विचारलं. लीलाधरने नाही म्हणून हात हलवला. डब्या त्याच्या मागेच रचलेल्या होत्या.

त्याने पिशवीत हात घातला. एक जातं होतं, एक चूल, दोन लाटणी. हिरवी रेघ एके ठिकाणी थरथरली होती.

"बेबाबाई, मी खोटं बोलत आलो. यातलं काही विकलं नाही. चारही वर्षांचं वर माळ्यावर आहे."

"मले ठाऊक हाये."

लीलाधरने हातातलं लाटणं काउंटरवर ठेवलं.

"गेल्या साली तुम्ही चहा सांगाले भाईर गेले व्हते ना, तवा माळ्याले शिडी लावलेली व्हती. चढून पाह्यलं मी." ती पहिल्यांदा हसली. "पयले वाईट वाटलं. मंग वाटलं, बरं हाये की. त्याह्यच्या हातचं एका जागी राह्यलं. विकलं असतं तं गावोगाव गेलं असतं. घरी ठेवलं असतं तं उंदरानं खाल्लं असतं."

"मग विचारायच्या कशाला, गेलं का म्हणून?"

"तुम्ही काय सांगता ते पाहाले." ती उठली. "इतकं धडधडीत खोटं बोलता येत नही तुम्हाले, भाऊ. कान लाल व्हतात."

लीलाधरने नकळत कानाला हात लावला.

चहा झाला. चारच्या गाडीला अजून थोडा वेळ होता, पण ती निघाली. लीलाधर काउंटरमागून बाहेर आला, चपला घातल्या आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं. शेजारचा कापडवाला मान वाकडी करून बघू लागला. दिवाळीच्या तोंडावर दुपारी या दुकानाचं शटर आजवर कोणी खाली आलेलं पाहिलं नव्हतं.

दोघं स्टँडकडे निघाले. फटाक्यांच्या गाड्या लागल्या होत्या, रस्त्यात केळीच्या घडांचा ट्रक आडवा होता. त्याला वळसा घालताना तिने त्याची बाही धरली आणि पलीकडे गेल्यावर सोडली. फलाटावर एदलाबादची गाडी लागलेलीच होती. ती खिडकीशी जाऊन बसली. तो खाली उभा राहिला.

"पुढच्या दिवाळीला," तो म्हणाला आणि थांबला.

"आता माझ्याजवळ आनाले काही नही."

"ते नाही. मी येईन म्हणत होतो. तिकडे. चालेल?"

बेबाबाईने खिडकीची दांडी दोन्ही हातांनी धरली. कंडक्टरने घंटी मारली, इंजिन सुरू झालं, म्हणून तिला आवाज चढवावा लागला.

"स्टँडवर उतरले का कोनालेबी विचारजा. चिंधा मिस्तरीचं घर म्हना. माझं नाव सांगू नका, माझ्या नावानं कोनी ओळखत नही."

तिच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली असतील. हे नाव तिच्या तोंडून त्याने पहिल्यांदाच ऐकलं. तिच्याही ते तेव्हाच ध्यानात आलं असावं. तिने पदराने तोंड झाकलं आणि गाडी वळेपर्यंत ती तशीच बसून होती.