मॅकीसाहेबांचा निरोप

यशोधरा गायकवाड लोणावळ्यातल्या एका मोठ्या हॉटेलात सात वर्षं रिसेप्शनला होती. कान्ह्याहून रोज लोकलनं यायची. परदेशी पाहुणा आला की मॅनेजर कैलाससर म्हणायचे, "यशोधराला बोलवा." हे ऐकायला तिला मनापासून आवडायचं.

ते इंग्रजी तिनं कष्टानं कमावलं होतं. शाळा मराठी. पुढं पुण्याला सहा महिने उच्चारांच्या क्लासला गेली. तिथल्या बाई ओठांपुढं कागदाचा चिटोरा धरायला लावत. 'पेपर' म्हणताना चिटोरा हलला नाही की पुन्हा म्हणायचं. 'व्ही'ला खालचा ओठ दातांखाली, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू, आणि 'र' म्हणताना जीभ कुठंच टेकू द्यायची नाही. घरी ती आरशासमोर तासन्‌तास हे घोकायची. रेल्वेत गँगमन असलेले तिचे वडील, रतन, एकदा काळजीनं म्हणाले होते, "पोरी, घसा धरलाय का तुझा?"

सातव्या वर्षी, पावसाळ्यानंतर, समीक्षा रिसेप्शनलाच कामाला आली. वय बावीस, आंदर मावळातली, शेतकऱ्याची मुलगी. लोणावळ्यात मावशीकडं राहायची. सुट्टीत डोंगरावर येणाऱ्या ट्रेकर मंडळींना वाट दाखवता दाखवता ती इंग्रजी शिकली होती. 'वेन्सडे'ला ती 'वेडनेसडे' म्हणायची, कॉफीला 'कॉपी'. यशोधरेनं पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर तिला दोनदा टोकलं. समीक्षा "व्हय ताई" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'कॉपी'च म्हणाली.

तोवर यशोधरेला तिचं काही वाटत नव्हतं. मग मॅकीसाहेब आले.

मॅकीसाहेब स्कॉटलंडचे इंजिनिअर. तळेगावच्या एका कारखान्यात मशिनं बसवायला दोन महिन्यांसाठी आले होते. साठीचा, लालबुंद चेहऱ्याचा माणूस. ते बोलायला लागले आणि यशोधरेला चारातला एक शब्द कळला. बाकीचं घसरत, गडगडत निघून गेलं. तिनं क्लासमध्ये शिकवलेलं हसू चेहऱ्यावर आणलं आणि "ऑफ कोर्स, सर" म्हणाली. त्यांनी काय मागितलं होतं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

शेजारी उभ्या असलेल्या समीक्षानं मात्र सरळ हात वर केला. "सर, नॉट अंडरस्टँड. अगेन. स्लो."

यशोधरेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मॅकीसाहेब हसले आणि पुन्हा, सावकाश बोलले. त्यांना इस्त्री हवी होती.

पंधरा दिवसांत साहेबांचं आणि समीक्षाचं छान जमलं. साहेब संध्याकाळी आले की यशोधरेच्या समोरून जात आणि टेबलाच्या त्या टोकाला समीक्षापाशी थांबत. एकदा कैलाससरांना ते म्हणाले, "ही मुलगी 'र' कसा खणखणीत म्हणते बघा. माझी आई असाच म्हणायची." मग यशोधरेकडं वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही अमेरिकेत वाढलात का?"

"नाही सर. इथंच, कान्ह्याला."

"मग असं का बोलता?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, नुसती उत्सुकता होती. पण यशोधरेच्या कानशिलापर्यंत आग गेली. जो 'र' घालवायला तिनं सहा महिने जीभ पिळवटली, तोच 'र' या पोरीला फुकट मिळाला होता आणि वर त्याचं कौतुक होत होतं. त्या दिवसापासून समीक्षा हसली तरी तिला खुपायचं. तिचं ते मोठ्यांदा "गुड मॉर्निंग सर" ऐकलं की हातातलं पेन आपटावंसं वाटायचं.

त्यात कैलाससरांनी सांगितलं की पवनानगरला, धरणाकाठी, हॉटेलची नवी शाखा निघतेय आणि तिथल्या रिसेप्शनची प्रमुख इथूनच जाणार. "दोघींचीही नावं वर पाठवलीत," ते म्हणाले. दोघींची! यशोधरा त्या दिवशी जेवली नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सहाला मॅकीसाहेबांचा कारखान्याच्या गेटवरून फोन आला. मागं मशिनांचा खडखडाट. त्यांची बायको येणार होती, मुंबई विमानतळावर गाडी हवी होती, एवढं यशोधरेला कळलं. वेळ नीट कळेना. समीक्षा जवळच चाव्या लावत होती. "मी बोलू का ताई?"

यशोधरेनं तिच्याकडं पाठ फिरवली. "येस सर. नोटेड सर," म्हणून फोन ठेवला आणि वहीत लिहिलं, 'मिसेस मॅकी, मुंबई विमानतळ, पहाटे साडेचार.' फ्लाइटचा नंबर विचारायचा राहिला. खरं तर विचारला असता तर साहेब आणखी बोलले असते, आणि ते तिला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कैलाससरांना ड्रायव्हर मारुतीचा फोन आला. "साडेचारपास्नं पाटी धरून हुबा होतो सर. बाई काय आली न्हाई. आता पनवेलला आलोय, चा घेतोय."

कैलाससर वही घेऊन बाहेर आले. मॅकीसाहेब सातलाच कारखान्यात गेले होते आणि आत मोबाइल न्यायला बंदी होती. कारखान्याच्या गेटवर निरोप ठेवला, पण साहेब दुपारच्या जेवणापर्यंत बाहेर येणार नव्हते.

"हा फोन कुणी घेतला होता?"

वहीतलं अक्षर छापल्यासारखं होतं, कुणाचंही असू शकलं असतं. यशोधरेला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "साहेबांशी बोलते ती समीक्षाच, सर."

खोटं असं ते नव्हतं. खरंही नव्हतं. कैलाससर समीक्षावर भडकले. "कळत नाही तर मला द्यायचा ना फोन! साठीची बाई परक्या देशात कुठं बसली असेल?"

समीक्षा लालेलाल झाली. डोळे भरले. तिनं एकदा यशोधरेकडं पाहिलं. "मी घेतला न्हाई सर फोन," ती म्हणाली, "पर ते ऱ्हाऊ द्या. आदी बाई कुटं हाय ते बगू." मग यशोधरेजवळ येऊन हळूच बोलली, "ताई, साहेब नेमकं काय म्हनले? त्यांचेच शब्द सांगा. मला त्यांची बोली थोडी ठावं हाय."

आता शब्द सांगायचे म्हणजे फोन आपणच घेतला होता हे सांगायचं. कैलाससर बघत होते. यशोधरेला त्या क्षणी गप्प बसता आलं असतं. तिनं तसा विचारही केला, हे तिनं पुढं आईला सांगितलं. पण मुंबईत कुणी बाई बॅगा घेऊन एकटी बसलीय हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

"फोन मी घेतला होता," ती म्हणाली. मग डोळे मिटून, कानात राहिलं होतं तसंच, गडगडत्या 'र'सकट तिनं म्हटलं, "आयल्साज कमिन द मॉर्न, हाफ फोर."

समीक्षाचा चेहरा उजळला. "ताई, आयल्सा म्हंजी त्यांची बायको. आन् द मॉर्न म्हंजी सकाळ न्हवं! द मॉर्न म्हंजी उद्या! रोज जाताना मला म्हनत्यात की, सी यू द मॉर्न. काल म्हनले म्हंजी आज. पहाटं तर बाई आली न्हाई, मंग आज दुपारी साडेचार!"

कैलाससरांनी तिथल्या तिथं मारुतीला फोन लावला आणि पनवेलहून माघारी पाठवलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मॅकीसाहेबांचा फोन आला, वेळ बरोबर निघाली. संध्याकाळी आयल्साबाई हसतमुखानं उतरल्या. त्यांना काही कळलंच नाही.

कैलाससर यशोधरेला केबिनमध्ये म्हणाले, "चूक कुणाचीही होते. पण तिच्यावर ढकललंस, हे मला आवडलं नाही." बाहेर येऊन तिनं समीक्षाची माफी मागितली. समीक्षा म्हणाली, "लय वाईट वाटलं ताई. खोटं कशाला बोलू?" एवढंच. आठवडाभर दोघी कामापुरतंच बोलल्या.

पवनानगरला समीक्षाची निवड झाली. यशोधरेनं पेढा घेतला, खाल्ला, अभिनंदन म्हणाली. लोकलमध्ये मात्र कान्हे येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली. आईनं, हिराबाईनं, दारातच विचारलं, "कुनाशी भांडलीस?"

"कुणाशीच नाही," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं.

जायच्या आदल्या दिवशी समीक्षा तिच्याकडं आली. हातात मोबाइल. "ताई, तितं ईमेल मलाच लिव्हायला लागनार. बोलायला मी भेत न्हाई, पर लिव्हताना लय चुकतं. शिकवाल का? रविवारी येत जाईन कान्ह्याला."

यशोधरेला आधी आनंद झाला. हिला काहीतरी येत नाही, याचा आनंद. तो ओळखून तिला स्वतःचीच लाज वाटली, तरी तो लगेच गेला नाही. तिनं मोबाइल हातात घेतला, अर्धवट लिहिलेली ईमेल वाचली. पहिल्याच ओळीत तीन चुका होत्या.

"दहाच्या लोकलनं ये," ती म्हणाली. "आणि वही आण. मोबाइलवर नाही शिकवणार."