पेल्यात उतरलेला कफ

पौषातली सकाळ होती. आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला असलेली आमची सारी वाडी देवळापुढे दाटली होती. प्रत्येकीच्या कडेवर खोकणारं पोर. वाडीत आलेल्या झोळीवाल्या बाबाने तांब्यातलं नितळ पाणी पेल्यात ओतलं आणि त्यात पपईच्या पानाचा पोकळ देठ धरला.

"फुंक, लेकरा!"

शेजारच्या हृतिकने फुंकलं. बुडबुडे उठले आणि पाणी ताकासारखं पांढरं झालं.

"उतरला कफ! छातीतला हिवाळा पेल्यात आला! आता सुई टोचाल, तर तो माघारी फिरेल!"

बायकांनी हात जोडले. माझा डोळा नातीवरून हलत नव्हता. अक्षदाचा श्वास भराभर चालला होता, दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. खाली रस्त्यावर पोलादपूरच्या दवाखान्याकडे जाणारी जीप हॉर्न देत होती.

"रंजिता, चल गो, जीप सुटंल," मी सुनेला म्हणालो.

"आबा, एकदा फुंकू द्या. हृतिकचा कफ सगळ्यांनी बघितला ना?"

अक्षदाला रडायलाही दम नव्हता. तरी बाबा देठ तिच्या तोंडाशी नेऊ लागला. तेवढ्यात माझी बायको बायजा पुढे झाली.

"थांबा. आधी आमचा जानू फुंकंल."

हशा पिकला. जानू भर थंडीत उघड्या अंगाने गुरं पाण्यावर नेणारा गडी. त्याने फुंकलं. पाणी पांढरं!

"जान्या, तुला रे कसला कफ?" बायजाने विचारलं.

"दडून बसला होता," बाबा म्हणाला.

"मग आता तुमी फुंका," बायजा म्हणाली. "तुमच्यात तर देव हाय, कफ नाय."

बाबा घाईने तांब्या उचलून झोळीत घालू लागला. पण बायजाने त्यात बोट बुडवून जिभेला लावलंसुद्धा. जन्मभर पान खाल्लेली जीभ ती.

"अगो बाय! ही तर चुन्याची निवळी!"

चुना पाण्यात कालवून ठेवला की गाळ तळाशी बसतो. वरचं पाणी नितळ दिसतं, पण थोडा चुना त्यात विरघळलेला असतोच. आपण सोडतो त्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तो लागला की निवळी पांढरी होते, मग फुंकणारा आजारी असो की धडधाकट.

बाबा झोळी आवरत होता. रंजिता मात्र पोरीला छातीशी धरून केव्हाच उताराला लागली होती. "थांब रे, जीपवाल्या!" ती ओरडत होती.

दवाखान्यात न्यूमोनिया निघाला. औषध सुरू झालं, नाकाला ऑक्सिजन लागला. दुसऱ्या दिवशी अक्षदाने पेज मागितली, तेव्हा कुठे माझे पाय एका जागी ठरले.

थंडीत पोरांना ऊब द्या, चुलीच्या धुरापासून लांब ठेवा. आणि पोराचा श्वास भराभर चालला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर कुणाच्या पेल्यात बघू नका. पोराच्या छातीकडे बघा आणि दवाखाना गाठा.