पारुबाईचं लिव्हर आणि गुलाबचंदचं दुकान

"मावशी, दारू घेता का?" असं वसमतच्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, तेव्हा पारुबाईच्या पोटावर ते सोनोग्राफीचं गार चिकट लावलेलं होतं. नाहीतर ती तिथल्या तिथं उठून बसली असती. पडल्या पडल्याच तिनं सुनावलं की तांड्यातल्या हातभट्टीची मडकी मी या हातांनी फोडलीत, माझ्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून मग पाजतात, अन् तुमी कोणाला काय विचारून राहिल्या.

डॉक्टरीणबाई हसली नाही, चिडलीही नाही. लिव्हरवर चरबी दिसली की हे सगळ्यांनाच विचारावं लागतं, म्हणाली. मग रक्ताचे कागद बघून तिनं नीट समजावलं. पारुबाई शाळेत दुसरीपर्यंतच गेलेली, पण एकदा डोक्यात शिरलेलं तिच्या डोक्यातून निसटत नाही. साखर वाढलेली होती, अन् ती काही कालपरवा वाढलेली नव्हती. इन्सुलिन म्हणून एक अंगात असतं, ते साखरेला कामाला लावतं. पारुबाईच्या अंगात ते होतं, भरपूर होतं, पण अंग त्याचं ऐकत नव्हतं.

"म्हणजे मुकादम ओरडून राहिला अन् टोळी ऐकंना," पारुबाई म्हणाली. ऊसतोडीत जवानी घालवलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही.

गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंद चालत होती, त्यानंही चरबीला आयतं फावलं होतं. अन् पाळी गेली की बाईच्या अंगातला तो हार्मोनचा रस आटतो, मग मांड्यांवर बसणारी चरबी पोटात शिरते, तिथून लिव्हरवर.  पाळी गेली तेव्हा तिला वाटलं होतं, चला, एक कटकट मिटली. ती जाताना पहारा उठवून गेली, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यात भर तिच्या मोहिमेची. फाट्याच्या अलीकडचं देशी दारूचं दुकान बंद करायचं म्हणून ती वर्षभर घरोघर बसून बायांना तयार करत होती. जी बाई तयार होई ती लगेच चहा ठेवी. नको म्हटलं तर बाई रुसायची, रुसली की फुटायची. अन् तांड्यातला चहा म्हणजे निव्वळ पाक. दारूबंदीनंच माझं लिव्हर खाल्लं, असं ती पुढं सुनेला म्हणाली अन् स्वतःच हसली.

तपासून बाहेर आली तर बाकड्यावर नाकापर्यंत पदर ओढून पद्माबाई बसलेली. ज्याचं ते दुकान, त्या गुलाबचंदची बायको. पारुबाईला बघून तिनं आधी तोंड भिंतीकडं केलं, मग उठून हातच धरला. पाळी महिनोन् महिने येत नाही, हनुवटीवर केस उगवतात, दोन घास खाल्ले तरी पोट सुटतं, असं तिचं पोरगी झाल्यापासून चाललं होतं. तिच्याही लिव्हरवर चरबी निघाली होती. तांड्यात कळलं तर लोक म्हणतील, दुकानातली चोरून पिते. काकी, तेवढं सांगू नका. पारुबाईनं शब्द दिला. दुकान नवऱ्याचं होतं, दुखणं हिचं होतं, अन् पारुबाईचं भांडण दुकानाशी होतं.

तिचं स्वतःचं दुखणं मात्र झाकून राहिलं नाही. देविदास, तिचा लेक, मनानं भोळा. फाट्यावरच्या हॉटेलात कुणी विचारलं, याडीला काय झालं रे? तांड्यात आईला याडीच म्हणतात. लिव्हरचं निघालं, म्हणाला. चरबी हा शब्द त्याच्या तोंडातून बाहेरच पडला नाही. ते वाक्य हॉटेलातून दुकानात गेलं, अन् गुलाबचंदनं ते गिऱ्हाइकांना शेंगदाण्यांबरोबर फुकट वाटलं.

रविवारी मतदान होतं. मत फक्त बायांनी द्यायचं. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली अन् आडवी बाटली. आडवीला जास्त मतं पडली की दुकानाला कुलूप. अन् आता ऐन वेळी बाया नळावर पारुबाईला बघून हंडा घाईघाईनं उचलू लागल्या. सून पुजा ऐकून आली की दार लावून पिणारीच्या मागं आमी काहून जावं, असं चाललंय. पारुबाईनं तांड्याच्या प्रमुखाला, भावसिंग नायकाला निरोप धाडला. सेवालाल महाराजांच्या देवळासमोर बैठक बसवा, विषय माझं लिव्हर.

बैठकीला झाडून सगळा तांडा आला. कधी नव्हे तो गुलाबचंदही इस्त्रीचा सदरा घालून आला. पारुबाईनं उभं राहून सगळं सांगितलं. न ऐकणारी टोळी सांगितली, उठून गेलेला पहारा सांगितला, चहाचा पाक सांगितला. काही बाया हसल्या, काहींनी माना हलवल्या. तेवढ्यात गुलाबचंद गोड आवाजात म्हणाला,

"पारुकाकी, डॉक्टरकी राहू द्या. लिव्हर एकाच गोष्टीनं जातं. मी दुकान चालवतो, माझ्याइतकं कुणी बघितलंय? या तांड्यात एक बाई दाखवा, जिनं थेंब घेतला न्हाई अन् लिव्हर बिघडलंय. एक दाखवा, मी स्वतः कुलूप लावतो."

बायांच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या पद्माबाईची मान आणखी खाली गेली. पारुबाईच्या जिभेवर वाक्य आयतं येऊन बसलं होतं. जिभेवर आलेलं तिनं जन्मात कधी गिळलं नव्हतं, तांड्याला हे पक्कं ठाऊक होतं. आज तिनं ते गिळलं.

"दाखवणार न्हाई," ती म्हणाली. "तुला पटावं म्हणून मी कुणाच्या लेकीसुनेचं दुखणं चव्हाट्यावर मांडू? माझं मांडलंय, ते बघ. पटलं तर पटलं."

देवळाच्या भिंतीकडच्या पुरुषांत खसखस पिकली. एक बाई पदर झटकून उठलीसुद्धा. नायकानं बैठक मोडायला काठी हातात घेतली. रविवारी बाटली उभीच राहणार, हे पारुबाईला दिसत होतं. तरी ती बसली नाही अन् मानही खाली घातली नाही.

"अहो," मागून आवाज आला. पद्माबाई उभी होती, पदर पार डोक्यावरून घसरलेला. "मी कधी घेतली का? दुकानातली, सणाची, कोणतीबी?"

गुलाबचंद भडकला. "कोण म्हणतंय? हिनं कधी हात लावला न्हाई. या देवाची आण घेऊन सांगतो. माझ्या घरच्या बाईकडं कुणी बोट केलं तर..."

"कुणी केलं न्हाई. काकीला माहीत होतं, तरी केलं न्हाई." ती नवऱ्याकडून बायांकडं वळली. "माझ्या लिव्हरवर बी तीच चरबी हाये. त्याच डॉक्टरणीनं सांगितलं."

भिंतीकडचं हसू तिथंच विझलं. गुलाबचंद अडकला. आण मागं घ्यावी तर बायको दारुडी ठरते, ठेवावी तर पारुबाई निर्मळ ठरते. पारुबाईनं त्याला विचार करायला फुरसत दिली नाही.

"आण तुझी तू घेतली, गुलाबचंदा. अन् दारूनं लिव्हर जातं हे बी तूच देवासमोर सांगितलं. वर्षभर मी घसा फोडून राहिले, या बायांना पटंना. दुकानदारानं एका दमात पटवलं."

आता बाया हसल्या त्या पोटभर. उठलेली खाली बसली. बायांतल्या रुपानं पुढं होऊन मान दाखवली, इथं काळं पडलंय, घासून जात न्हाई, हे बी त्यातलंच का म्हणून विचारलं. पारुबाई म्हणाली, मी काय डॉक्टर हाये का? सोमवारी चल माझ्यासंगं.

गुलाबचंद चपला शोधत होता. कुणीतरी कुलपाची आठवण करून दिली.

"त्यानं नको लावायला," पारुबाई म्हणाली. "त्याच्या हातचं कुलूप तोच उघडील. आमी लावू."

रविवारी बाटली आडवी झाली. निकालाची गोष्ट तांड्यात सगळेच सांगतात. पारुबाई सांगते ती शाळेपुढच्या मतदानाच्या रांगेची. बाया उन्हात उभ्या होत्या अन् गुलाबचंद फटफटी घेऊन फाटकाशी आला. पद्मा, घरी चल, म्हणाला, पोरगी उपाशी हाये. पद्माबाईनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"भाकरी दुरडीत हाये, तुमी वाढा," ती म्हणाली. "मी आडवी करून येते."

पारुबाईनं जरा सरकून तिला आपल्या पुढं घेतलं.