एकोणचाळीस नंबरची नळी

डेपोत काकांना सगळे भोंगा म्हणायचे. एकतीस वर्षं बस चालवली, पण हॉर्न क्वचितच वाजवला. खिडकीतून एक हाक मारली की रस्ता मोकळा. तो आवाज खोकल्यानं खाल्ला. "धूळ आहे, दुसरं काय," म्हणत तीन महिने त्यांनी दुखणं अंगावर काढलं. शेवटी बायकोनं हाताला धरून दवाखान्यात नेलं. फुप्फुसाचा क्षय निघाला.

गोळ्या सुरू झाल्या. गोळी घशाखाली उतरल्याशिवाय बायको समोरून हलायची नाही. तरी दोन महिन्यांनी थुंकीत जंतू होतेच. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. औषधं जंतूंना लागू आहेत असं तपासणीत दिसत होतं, मग घोडं अडतंय कुठे?

क्षयाच्या रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायच्या सोडून ढिल्या का पडतात, यावर त्यांचा अभ्यास चालू होता. त्यांनी विचारलं, "काका, अभ्यासासाठी दोन नळ्या रक्त द्याल? तुम्हाला त्याचा उपयोग होईलच असं नाही."

"न्या की. नाहीतरी घरी बसून वाढतंच आहे ते."

नळ्यांवर नाव नव्हतं, फक्त नंबर: एकोणचाळीस. त्या गेल्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत, एका अबोल ताईंच्या टेबलावर. पेशींना जंतूंचे मेलेले तुकडे दाखवायचे आणि त्या खवळतात का ते मोजायचं, हे ताईंचं काम. क्षयरुग्णांच्या पेशी थोड्या सुस्त असायच्या, ते त्यांना सवयीचं होतं. पण एकोणचाळीस नंबर अगदी ढिम्म.

आधी त्यांना वाटलं, आपलाच हात चुकला. पण त्याच दिवशीचे बाकीचे नमुने ठीक होते. उरलेल्या रक्तावर त्यांनी पुन्हा चाचणी लावली. तेच. आकडा लिहून पुढची नळी घ्यायला कुणाची हरकत नव्हती. ताईंनी फोन उचलला.

"डॉक्टर, एकोणचाळीसची साखर बघितलीय? मधुमेह असला की पेशी अशा मरगळलेल्या मी पाहिल्यात."

डॉक्टरीणबाईंनी फाईल काढली. साखरेपुढे लिहिलं होतं: 'नॉर्मल, रुग्णाच्या सांगण्यावरून.' त्यांनी काकांना बोलावून घेतलं.

काका खाली मान घालून म्हणाले, "उपाशीपोटी रांगेत उभं राहायचा कंटाळा आला होता. दोन वर्षांपूर्वीचंच सांगून टाकलं."

बायकोनं त्यांच्याकडे असं काही बघितलं की डॉक्टरीणबाईंना वेगळं रागवावं लागलं नाही.

साखर निघाली तीनशे चाळीस. इन्सुलिन सुरू झालं, खाण्याला लगाम बसला. दीड महिन्यानं थुंकी स्वच्छ आली. पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितले तितके महिने काकांनी निमूटपणे गोळ्या घेतल्या, वजन आठ किलोंनी वाढलं. उपचार संपले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "साखरेचं पकडलं कुणी?"

ताईंना विचारून डॉक्टरीणबाईंनी काकांना आणि त्यांच्या बायकोला तळमजल्यावर पाठवलं. जिना उतरताना काय बोलायचं ते काकांनी मनात घोळवून ठेवलं होतं. दारात पांढऱ्या कोटातल्या बारीकशा ताई दिसल्या आणि त्यातलं काहीच आठवेना.

"ताई, मी खोटं सांगितलं होतं," ते कसंबसं म्हणाले. "तुम्ही परत तपासलं नसतं तर..." त्यांनी हात जोडले.

ताई गोंधळल्या. बसायला स्टूल पुढे केलं, मग स्वतःच त्यावर बसल्या. "बावीस वर्षं नळ्याच बघतेय हो मी," त्या म्हणाल्या. "माणूस कधी आलं नव्हतं."

उपचार संपताना डॉक्टरीणबाईंनी काकांचं पुन्हा रक्त पाठवलं होतं, त्याचा आलेख त्यांनी पडद्यावर दाखवला. रेघ चांगली वर चढली होती.

"म्हणजे आता खवळतात?" बायकोनं विचारलं.

"चांगल्याच."

"मग त्यांना सांगा, सगळा राग जंतूंवरच काढा. घरी आणू नका."

तिघंही हसली. निघताना बायकोनं ताईंचे हात बराच वेळ हातात धरून ठेवले.

संध्याकाळी घरी पोचल्या पोचल्या, चपलाही न काढता, ताईंनी हे सगळं आईला सांगितलं. ऐकून झाल्यावर आई म्हणाली, "इतकी वर्षं तू रोज सकाळी कुठे जातेस, ते आज मला कळलं बघ."